बॅश स्क्रिप्टमध्ये 'वेट' वापरताय? या चुका टाळा

समजा, रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांसाठी तुम्ही एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्स किंवा मॅकवर ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, लिहिली आहे. पहाटे ती रावेर, बऱ्हाणपूर, चोपडा अशा ठिकाणांचे भाव एकाच वेळी उतरवते, म्हणजे प्रत्येक कमांडच्या शेवटी & लावून काम बॅकग्राउंडला टाकते. मग 'वेट' (wait), म्हणजे बॅकग्राउंडची कामं संपेपर्यंत थांबायला लावणारी कमांड, येतं आणि सगळं उतरलं की तक्ता मोबाइलवर जातो. कित्येक दिवस हे सुरळीत चालतं. एके दिवशी बऱ्हाणपूरचं कनेक्शन तुटतं, कालचीच फाइल डिस्कवर पडून असते आणि कालचा भाव आजचा म्हणून लोकांपर्यंत पोचतो. त्या भावावर कोणी काढणीचा निर्णय घेतो. म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नुसतं 'वेट' लिहून निर्धास्त होणं. पुढे काही न देता चालवलेलं 'वेट' सगळी कामं संपेपर्यंत थांबतं खरं, पण शेवटी 0, म्हणजे 'यशस्वी', परत करतं, आतलं एखादं काम फसलेलं असलं तरी. स्क्रिप्टच्या वर 'सेट -ई' (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) लिहिलं म्हणजे भागलं असं पुष्कळांना वाटतं. बॅकग्राउंडला फसलेलं काम त्याला दिसतच नाही. सगळे पीआयडी (कामांचे क्रमांक) एकाच 'वेट'ला दिले, तरी उत्तर फक्त शेवटच्याचं मिळतं. खात्रीचा मार्ग एकच: काम सोडल्याबरोबर $! मधला (नुकत्याच बॅकग्राउंडला टाकलेल्या कामाचा) पीआयडी गावाच्या नावासह ॲरेमध्ये, म्हणजे यादीत, ठेवा, मग लूप लावून एकेका पीआयडीवर 'वेट' करा. उत्तर शून्य नसेल तर ते गाव तक्त्यातून वगळा आणि तसं तक्त्यात लिहाही. फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवा, काम यशस्वी झाल्यावरच खरं नाव द्या. कालची फाइल सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा.

$! बाबत एक बारकावा आहे. पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं | चिन्ह) लावलेली कमांड बॅकग्राउंडला टाकली, तर $! मध्ये पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा पीआयडी येतो. डाउनलोड फसलं आणि पुढची 'टी' (आउटपुट फाइलमध्येही लिहिणारी कमांड) व्यवस्थित संपली, तर तुम्हाला शून्यच दिसेल. अशी कमांड फंक्शनमध्ये घाला, आत 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी ते कळवणारा पर्याय) चालू करा आणि ते फंक्शन बॅकग्राउंडला टाका.

'वेट' थांबतच नाही, लगेच पुढे जातं, ही तक्रार आली की आधी लूप पाहा. गावांची यादी 'कॅट' (फाइल वाचणारी कमांड) वापरून पाइपमधून 'व्हाइल' लूपला दिली असेल, तर तो लूप सबशेलमध्ये, म्हणजे बॅशच्या वेगळ्या प्रतीत, चालतो. त्यात सुरू झालेली कामं त्या सबशेलची. बाहेरच्या शेलला ती आपली वाटत नाहीत. यादी < ने थेट लूपला द्या, प्रश्न मिटतो. दुसऱ्या स्क्रिप्टने सुरू केलेल्या कामाचा पीआयडी दिला, तर 127, म्हणजे 'हे माझं काम नाही', मिळतो. त्यामागेही हेच कारण.

'वेट'च्या जागी 'स्लीप 60' (60 सेकंद थांबा) लिहू नका. तो निव्वळ अंदाज आहे, आणि गावाकडचं नेटवर्क अंदाजाने चालत नाही.

उलट तक्रारही येते: स्क्रिप्ट अडकून बसते. 'वेट'ला स्वतःची वेळमर्यादा नाही. म्हणून प्रत्येक डाउनलोडच्या आधी 'टाइमआउट' लावा. वेळ संपली तर 124 मिळतो.

128 पेक्षा मोठा आकडा दिसला तर घाईने निष्कर्ष काढू नका. 137 म्हणजे बहुधा कोणीतरी 9 नंबरच्या सिग्नलने (काम सक्तीने बंद करणाऱ्या संदेशाने) ते काम मारलं. मेमरी कमी पडल्यावर कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हेच करतं. पण स्क्रिप्टमध्ये एखाद्या सिग्नलसाठी 'ट्रॅप' (तो आल्यावर काय करायचं हे ठरवणारी कमांड) लावलेला असेल आणि तो सिग्नल आला, तर 'वेट' स्वतःच अर्ध्यातून परततं, तेव्हाही आकडा 128 च्या वरच असतो. काम मात्र मागे चालूच असतं. तिथे पुन्हा 'वेट' करावं लागतं.

गावं वाढली की सगळी कामं एकदम सोडू नका. 'वेट -एन' एखादं काम संपताच परततं, मग पुढचं सोडता येतं. हा पर्याय बॅश 4.3 पासून आहे. मॅकवर मुळात येणारी बॅश 3.2 ची, तिथे तो चालणार नाही. त्याऐवजी एका वेळी ठरावीक कामंच चालवणारं 'एक्सआर्ग्ज -पी' वापरा.

स्क्रिप्ट सुरू करण्याआधी एका गावाचा पत्ता मुद्दाम चुकीचा टाकून चालवून बघा. त्या गावासमोर भाव आला, तर अजून ती कुणालाही पाठवू नका.