लोडरचा ब्रेक व्हॉल्व्ह उघडण्याआधी

व्हील लोडरच्या (पुढे बकेट असलेलं, चाकांवर चालणारं माती-खडी उचलायचं मशीन) पेडलखालचा ब्रेक व्हॉल्व्ह काढायचा, सील बदलायचे आणि परत बसवायचा, हे सरावलेल्या फिटरचं अर्ध्या दिवसाचं काम. जमवाजमवीला त्याहून जास्त वेळ जातो, आणि पावसाळ्यात मुंबईत तर विचारूच नका. इथे लिहितोय ते पूर्ण हायड्रॉलिक ब्रेकच्या मशीनबद्दल: पंप, ॲक्युम्युलेटरमध्ये दाब भरणारा चार्जिंग व्हॉल्व्ह, तेलाचा दाब साठवून ठेवणारे नायट्रोजन भरलेले ॲक्युम्युलेटर आणि पेडलखाली दोन सर्किटांचा व्हॉल्व्ह. हवेच्या ब्रेकवाल्या टिपरसाठी यातलं फारसं कामाचं नाही.

आधी व्हॉल्व्हच दोषी आहे का, ते ठरवा. ऑपरेटर ‘ब्रेक लागत नाही’ एवढंच सांगतो. त्याला चहा पाजून नीट विचारा. ब्रेक उशिरा लागतो, की लागलेला सुटत नाही, की इंजिन बंद केल्यावर एक-दोनदा दाबताच पेडलचा जोर संपतो? शेवटची तक्रार असेल तर आधी ॲक्युम्युलेटरमधला नायट्रोजन तपासा. ब्रेक घासत राहत असेल तर पेडलखालचा चिखल-खडी साफ करून बघा, पेडल पूर्ण वर येऊ लागलं की पुष्कळदा काम तिथेच मिटतं. पेडलला पाय न लावताही व्हॉल्व्हच्या रिटर्न लाइनमधून तेल वाहत असेल आणि चार्जिंग व्हॉल्व्ह सारखा लागत-सुटत असेल, तर मात्र स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) आणि बोअर (तो सरकतो ते भोक) झिजल्याचा संशय धरा. मग नुसत्या सील किटने भागेलच असं नाही. मालकाला आधीच पूर्ण व्हॉल्व्हचाही भाव सांगून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको.

आता तेल. माझ्या मते सगळ्या तयारीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी हीच गृहीत धरली जाते. पूर्ण हायड्रॉलिक ब्रेकच्या बहुतेक मशीनमध्ये खनिज हायड्रॉलिक तेलच ब्रेकलाही चालतं, तिथे नायट्राइल रबराचे सील लागतात. काही जुन्या मशीनमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड असतं, तिथे ईपीडीएम या दुसऱ्या रबराचे. दोन्ही सील दिसायला सारखेच काळे. ईपीडीएम खनिज तेलात फुगतं आणि स्पूल अडकवतं. नायट्राइल ब्रेक फ्लुइडमध्ये टिकत नाही. त्यामुळे टाकीवरची पाटी वाचा, मॅन्युअल उघडा, आधी कुणी काय ओतलंय तेही विचारा, आणि किट मशीनच्या नाही, व्हॉल्व्हच्या पार्ट नंबरवरून मागवा. तो नंबर बॉडीवर ठोकलेला असतो, पण ग्रीसखाली दडलेला. आदल्या दिवशी घासून फोटो काढून ठेवा.

किट हातात आल्याशिवाय व्हॉल्व्ह खोलू नका. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात ओ-रिंग (गोल रबरी सील) वाटेल त्या मापात मिळते, पण आतला आणि जाडीचा व्यास जुळला म्हणजे रिंग जुळली असं नाही. रबर कोणतं आणि कडकपणा ७० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप) की ९०, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. सोबत बॅकअप रिंग (ओ-रिंगला आधार देणारी कडक रिंग), नवे सर्क्लिप (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या), बँजो बोल्टचे (होज जोडणारा पोकळ बोल्ट) नवे तांब्याचे वॉशर आणि सगळ्या होजना लावायला प्लास्टिकच्या टोप्या आणा. रविवारी बाजारात फेरी मारून उपयोग नाही, शनिवारीच उरका.

जागा साइटवर शोधू नका. मेट्रोच्या किंवा भरावाच्या कामाजवळ सिमेंटची धूळ थांबत नाही, आणि स्पूल-बोअरमधली फट काही मायक्रॉनचीच. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. चारी बाजूंनी बंद खोली, टेबलावर स्वच्छ प्लास्टिक, धुवायला ताजं रॉकेल, कोरडी हवा. कॉटन वेस्ट खोलीबाहेर ठेवा, तिचे धागे आत राहतात; धागे न सुटणारं कापड घ्या. व्हाइसच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावा. पॉलिश पेपर तर पेटीतूनच काढून टाका, म्हणजे स्पूलवर ओरखडा दिसला तरी घासायचा मोह होणार नाही. दोन स्पूल असतील तर दोन वेगळे ट्रे, कारण प्रत्येक स्पूल आपल्याच बोअरला बसवलेला असतो.

मशीन सपाट, पक्क्या जमिनीवर उभं करा. बकेट खाली टेकवा, मशीन वळताना दुमडतं त्या मधल्या जोडाची लॉक पिन लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके द्या, बॅटरीची वायर काढा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. इंजिन बंद झालं तरी ॲक्युम्युलेटरमध्ये दाब असतोच. पेडल पुन्हा पुन्हा दाबून तो उतरवा, टेस्ट पॉइंटला गेज लावून काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा, मगच पाना लावा. पार्किंग ब्रेकचं सर्किट वेगळं असेल तर त्याचाही दाब बघा. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक धारेने कातडीत शिरलेलं तेल टाचणी टोचल्याएवढं दिसतं, पण ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं.

खोलताना प्रत्येक होजला खूण, प्रत्येक थराचा फोटो. बॅकअप रिंग दाबाच्या उलट बाजूला बसते, हे हेल्परलाही आधीच दाखवून ठेवा. सील बसवताना त्याच सिस्टिमचं स्वच्छ तेल लावा, हाताला येईल ते ग्रीस नको. टॉर्क पाना आणि मॅन्युअलमधले आकडे टेबलावर आधीच असू द्या.

नायट्रोजनचा सिलिंडर आणि चार्जिंग किट मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा. तेलाचा दाब शून्य असताना प्री-चार्ज (ॲक्युम्युलेटरमधल्या नायट्रोजनचा दाब) मोजायचा, पाटीवरच्या आकड्याशी जुळवायचा, तोही तापमान बघून: भर उन्हात तापलेला ॲक्युम्युलेटर जास्त आकडा दाखवतो. भरायचा फक्त नायट्रोजन. वेल्डिंगचा ऑक्सिजन शेजारी उभा असला तरी तो तेलाजवळ आणायचा नाही, स्फोट होतो.

ट्रायलची जागाही ठरवून ठेवा: मोकळी, सपाट, माणसं नसलेली, बकेट रिकामी. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढून झाली की इंजिन चालू ठेवून उभ्या मशीनवरच पेडल दाबा, दोन्ही सर्किटांचे गेज बघा, पाय काढल्यावर काटे खाली येतात का तेही बघा. मग पार्किंग ब्रेक धरतो याची खात्री करा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू चालवा.