मुलांसोबत पणत्या रंगवून शाळेच्या खर्चाला पैसे जमवताय? या चुका टाळा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात दरवर्षी मुलं पणत्या रंगवतात, त्या विकून वह्या, दप्तरं, परीक्षेची फी असं भागवतो. पहिल्या वर्षी जे जे चुकलं ते सांगते, तुमचं तरी नुकसान नको.

सगळ्यात जास्त तक्रारी तेल पाझरल्याच्या. मातीला बारीक छिद्रं असतात, त्यातून तेल बाहेर येतं, रंगाचे पोपडे निघतात आणि लोकांच्या उंबऱ्यावर डाग पडतात. घरी आपण नवीन पणती भिजत घालतो ना, म्हणून गिऱ्हाइकांनाही तेच सांगितलं, तर फेविकॉलने चिकटवलेले कुंदन पाण्यात सुटून आले! मुलांचे चेहरे बघवत नव्हते. आता पणत्या आणल्या की आधीच भिजवतो, तडा गेलेल्या तिथेच कळतात, मग दोन दिवस कडक उन्हात वाळवून रंग. आतून आणि वातीच्या चोचीला रंग लावायचा नाही, जळून वास येतो. आणि खोक्यावरच लिहायचं, खाली ताटली ठेवा, भिजवू नका. मेणाच्या करायच्या असतील तर मेण मोठ्यांनीच ओतायचं.

उशिरा सुरुवात करू नका. दिवाळीआधी सहामाही असते आणि अभ्यास बुडवून अभ्यासासाठी पैसे जमवण्यात काय अर्थ आहे? गणपती गेले की बसायचं, रोज अर्धा तास, बास. पावसाळी हवेत रंग चिकट राहतो तेव्हा घाईने खोक्यात भरू नका, एकमेकींना चिकटतात.

किंमत अंदाजाने लावू नका. समजा पणती ४ रुपये, रंग-कुंदन ५, खोका ३, म्हणजे १२ झाले, मग १५ ला विकून हातात ३च उरतात आणि त्यातूनच फुटलेल्यांचं नुकसान भरायचं. २५ सांगा, लोक देतात. हा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडा, पाचवीतली पोरंसुद्धा नफा-तोटा यातच पक्का शिकतात. ऑनलाइन आलेले पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळले की नंतर काही जुळत नाही, वेगळं खातं ठेवा.

आणि प्लीज, "गरीब मुलांना मदत करा" असा बोर्ड लावून मुलांना स्टॉलवर उभं करू नका. आमच्याकडे एक मुलगी त्या बोर्डामागे लपून बसली होती, तेव्हापासून बोर्डावर फक्त "हाताने रंगवलेल्या पणत्या" एवढंच असतं.

माल उरला तर भाव पाडू नका, पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा असते, देवळात दीपोत्सवाला पणत्या लागतातच, आधीच जाऊन विचारून ठेवा.