थर्माकोल काढून पुठ्ठ्याचं फिटमेंट बसवताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या स्विचगिअर आणि ऑटोपार्टच्या कारखान्यांपासून गंगापूर-दिंडोरीकडच्या वायनरींपर्यंत सगळीकडे सध्या एकच विषय निघतो: खोक्यातलं थर्माकोल आणि प्लास्टिकचे ट्रे काढून पुठ्ठ्याचं फिटमेंट, म्हणजे माल जागेवर धरणारा आतला भाग, कसं बसवायचं. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्माकोलवर निर्बंध आले, पुढे प्लास्टिक पॅकेजिंगला ईपीआरची (वापरलेलं पॅकेजिंग गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची) जबाबदारी लागली. बदल हवाच होता. पण पहिल्या लॉटमध्ये माल फुटला की लोक ‘पुठ्ठा चालत नाही’ म्हणून परत थर्माकोलची ऑर्डर देतात, आणि त्याचं खरंच वाईट वाटतं. दोष बहुतेक वेळा पुठ्ठ्याचा नसतो, ड्रॉइंगचा असतो.

थर्माकोलचाच आकार पुठ्ठ्यात मागणं

सगळ्या चुकांची सुरुवात इथून होते. थर्माकोल कुठूनही दाबला तरी साधारण सारखाच दबतो. पुठ्ठ्याची ताकद मात्र घडीत आणि फ्लूटच्या (आतल्या नागमोडी थराच्या) दिशेत असते, आणि एकदा चेपलेली फ्लूट परत उभी राहत नाही. थरावर थर चिकटवून, मध्ये वस्तूच्या आकाराची खाच कापून ठोकळा केला, तर तो जड होतो, महाग पडतो आणि धक्का सरळ मालापर्यंत पोचवतो. त्यापेक्षा वस्तू तिच्या मजबूत जागी, म्हणजे बेस किंवा फ्लँजला (बाहेर आलेल्या जाड कडेला) धरा आणि नाजूक भाग मोकळा ठेवा. वस्तू आणि खोक्याची भिंत यांच्यात मी सुरुवातीला 20-25 मिमी अंतर धरते. खोकं पडलं की आधी घडी चेपली पाहिजे.

फ्लूटची दिशा हा दुसरा मोठा मुद्दा. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या असतील तर त्या खांबासारखा भार घेतात. आडव्या झाल्या की तेच फिटमेंट थोड्या वजनाखाली बसतं. ड्रॉइंगवर दिशेचा बाण नसेल, तर डाय (पुठ्ठा कापायचा साचा) बनवणारा तावातून जास्त नग निघावेत म्हणून आकार 90 अंशांत फिरवतो. यात त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बाण काढा, आणि सॅम्पल हातात आलं की कडेला बघून नळ्या उभ्या आहेत ना ते तपासा.

बाटल्यांच्या खोक्यात हे फार महत्त्वाचं. पार्टिशन खोक्याच्या आतल्या उंचीइतकं आणि उभ्या फ्लूटचं असेल, तर थप्पीचा भार तेही उचलतं. सेंटीमीटरभर जरी बुटकं राहिलं, तरी सगळं वजन बाहेरच्या खोक्यावर येतं. आणि एकच पार्टिशन सगळ्या बाटल्यांना चालेल असं समजू नका. 750 मिलीची बोर्दो बाटली साधारण 75 मिमी व्यासाची असते, बर्गंडी 80 च्या पुढे जाते.

मापं घेताना पुठ्ठ्याची जाडी विसरली जाते. 3 प्लाय (तीन थरी) पुठ्ठ्यात बी आकाराची फ्लूट असेल तर जाडी सुमारे 3 मिमी, ई असेल तर दीड मिमीच्या आसपास. 3 मिमीच्या पुठ्ठ्याची चौकोनी नळी केली की आतलं माप बाहेरच्यापेक्षा 6 मिमीने कमी. माप कॅडवरून (संगणकातल्या ड्रॉइंगवरून) घेण्याऐवजी लाइनवरच्या पाच-दहा तयार नगांवरून घ्या. कास्टिंग आणि पावडर कोटिंगमध्ये फरक पडतोच.

उन्हाळ्यात पास, पावसाळ्यात फेल

नाशिकमध्ये या चुकीला फार जण फसतात. मे महिन्यात मंजूर झालेलं सॅम्पल जुलैत कसाऱ्याच्या घाटातून न्हावा-शेव्याला जातं. साधारण 50 टक्के आर्द्रतेत जी ताकद मिळते, ती 90 टक्क्यांना जवळपास निम्मी होते. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढलेल्या खोक्यावर दव धरतं, तिथेही हेच. थप्पी फरशीवर न ठेवता पॅलेटवर ठेवा, बंडल वापरायच्या वेळीच फोडा, आणि डिझाइन करतानाच पावसाळ्याचा हिशेब धरा. मशीनिंग केलेला उघडा लोखंडी पार्ट दमट पुठ्ठ्याला टेकला तर गंजतो. मध्ये व्हीसीआय (गंज रोखणारा) कागद घाला. उलट, कोरड्या एप्रिल-मेमध्ये घडीवरचा कागद चिरतो. अशा वेळी क्रीजिंग (घडीसाठी पाडलेली रेघ) आणि पुठ्ठ्यातला ओलावा तपासा, लगेच जाड कागदावर जाऊ नका.

ओलाव्याच्या भीतीने प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. मग कागद मिलला तो पल्प करणं अवघड होतं, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हरवतं. हॉट मेल्टऐवजी (वितळवून लावायच्या गोंदाऐवजी) लॉक टॅब (एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या) किंवा स्टार्चची खळ वापरा.

परत आलेलं खोकं वाचायला शिका

वस्तू कोपऱ्यात फुटली आणि फिटमेंट जसंच्या तसं असेल, तर फिटमेंट जास्त ताठ आहे किंवा अंतर कमी आहे. इथे 3 प्लायचं 5 प्लाय केलं तर नुकसान वाढेल, कागदही वाया जाईल. फक्त खालच्या थरातला माल गेला असेल तर थप्पी, फ्लूटची दिशा आणि ओलावा बघा. लेबल घासलंय, रंगावर धुरकट चट्टे आलेत, तर वस्तू आत हलतेय. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या कंपनाने ती घासली गेली. तिथे ढिलेपणा काढा आणि रंगीत भागाशी मऊ टिश्यू कागद द्या, कारण क्राफ्टचा (पुठ्ठ्याच्या तपकिरी कागदाचा) पृष्ठभाग खरखरीत असतो.

पॅकिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या बायकांनाही सॅम्पल जोडायला द्या. पाच घड्यांचं फिटमेंट त्या शिफ्टच्या शेवटी घाईत चुकीचं बसवणार असतील, तर ते डिझाइनच बदलायला हवं.

चाचणी रिकाम्या खोक्यावर नको, खऱ्या मालासकट हवी. इस्टा 1ए या पॅकेजिंग चाचणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एक कोपरा, त्याला लागून तीन कडा आणि सहा बाजू असे दहा ड्रॉप (खोकं उंचावरून पाडणं) असतात; साडेनऊ किलोपर्यंतच्या खोक्याला उंची सुमारे 76 सेंमी. फिटमेंट आधी दोन-तीन दिवस दमट गोदामात ठेवा, मगच खोकं पाडा. दहावा ड्रॉप झाल्यावर खोकं कापून उघडा आणि कोणती घडी कुठे चेपली ते ड्रॉइंगवर खुणा करून डाय बनवणाऱ्याला पाठवा.