नेम चुकतोय? साइटचा नॉब फिरवायच्या आधी या चुका टाळा

गणपती झाले, पाऊस ओसरला की आमच्या एअर रायफलच्या रेंजवर नवीन पोरं यायला लागतात, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने रायफल नेमबाजीत ब्राँझ आणल्यापासून तर पालक स्वतःहून विचारत येतात. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मला एकच गोष्ट दिसते. पोरगं पाच छर्रे मारतं, त्यातला एक आठात जातो, की लगेच हात साइटच्या, म्हणजे ज्यातून नेम धरतो त्या भागाच्या, नॉबवर. दोन क्लिक डावीकडे. पुढचा छर्रा डावीकडे जातो, मग तीन क्लिक उजवीकडे, आणि अर्ध्या तासात रायफलची सेटिंग कुठच्या कुठे गेलेली असते आणि पोरगं म्हणतं रायफलच खराब आहे.

रायफल क्वचितच खराब असते हो.

आधी आकडा नीट समजून घ्या. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा आहे. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्याची कड त्या ठिपक्याला लागली की दहा. तिथून प्रत्येक घर अडीच मिलिमीटरवर. आता रायफलवर मागची साइट आणि पुढची साइट यांच्यात साधारण पाऊण मीटर अंतर धरा, म्हणजे पुढची साइट ०.२ मिलिमीटर जरी सरकली तरी टार्गेटवर छर्रा अडीच मिलिमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे एक अख्खं घर गेलं. ०.२ मिलिमीटर म्हणजे दोन कागदांची जाडी. एवढा फरक गालाचा दाब बदलला तरी पडतो, श्वास अर्धवट सोडला तरी पडतो, बोट ट्रिगरवर तिरकं बसलं तरी पडतो. म्हणून एका छर्र्यावरून साइट हलवायची नाही, कधीच नाही. पाच मारा, ग्रुप बघा, म्हणजे पाचही भोकांचा पुंजका, ग्रुप छोटा आहे पण मध्यापासून बाजूला आहे, तरच नॉबला हात लावा. ग्रुपच पसरलेला असेल तर नॉबचा काही दोष नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे शॉट न सांगता टार्गेट बघणे. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी येते, गेल्या वर्षी तिचा स्कोअर महिनाभर एकाच जागी अडकला होता. मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. तिने शॉट मारला आणि लगेच टार्गेट ओढायच्या दोरीला हात घातला.

"थांब. कुठे गेला?"

"बघते ना सर."

"बघू नको, आधी सांग."

ती गप्प. तिला खरंच माहीत नव्हतं, कारण शॉट सुटताना तिचं लक्ष पुढच्या साइटच्या रिंगमध्ये, जिच्यात टार्गेटचा काळा गोल बसवायचा असतो, नव्हतंच, ते आधीच निकालावर गेलेलं. दहा-बारा शॉट असेच गेले. मग एकदा ती हळूच म्हणाली, "उजवीकडे, जरा खाली, सुटताना काळं रिंगच्या कडेला चिकटलं होतं." टार्गेट ओढलं तर आठ, बरोबर चारच्या काट्यावर. त्या आठाचा तिला जेवढा आनंद झाला तेवढा आधीच्या दहाचा झाला नव्हता, आणि मलाही. आता ती वहीत दोन रकाने करते, "मी सांगितलेला" आणि "प्रत्यक्ष गेलेला". दोन्ही जुळत असतील तर चूक तुमच्या अंगात आहे आणि ती सापडते. सांगितलेला मध्यभागी आणि गेलेला भलतीकडे असं वारंवार होत असेल तर मग साइट, स्क्रू, छर्रे हे सगळं तपासा.

आता उभं राहण्याबद्दल. रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि नवीन माणूस ती दंडाच्या जोरावर धरतो, मग पंधराव्या शॉटला हात थरथरतो. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावी कंबर टार्गेटच्या दिशेला थोडी पुढे काढायची, डावं कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीवर टेकवायचं, आणि वजन हाडांवरून खाली पायात जाऊ द्यायचं. स्नायू ढिले. कळशी कमरेवर घेतलेली बाई हाताने कळशी उचलून धरत नाही ना, कंबर तिला आधार देते, तसंच.

मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रिंग काळ्या गोलावर आहे का? नसेल तर रायफल हाताने ओढून आणू नका, मागचा पाय जरासा सरकवा, अगदी बोटभर, परत डोळे मिटा, परत बघा. ही तपासणी दर दहा शॉटनंतर करायची असते आणि शंभरातले नव्वद जण ती फक्त सुरुवातीला करतात. हाताने ओढून धरलेली रायफल ट्रिगर दाबताना आपल्या मूळ जागी परत जायला बघते, आणि छर्रा तिकडेच जातो.

फार वेळ धरून ठेवणे ही दुसरी चूक, आणि ही हुशार, मन लावून करणाऱ्या पोरांची चूक आहे म्हणून मला जास्त वाईट वाटतं. त्यांना एकदम परफेक्ट चित्र हवं असतं, म्हणून आठ सेकंद, दहा सेकंद, बारा सेकंद थांबतात, तोवर डोळ्यात चित्र छापल्यासारखं होतं, रिंग हलली तरी हललेली दिसत नाही, श्वास कोंडल्याने छातीतले ठोके रायफलमध्ये उतरतात. सात-आठ सेकंदात शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्या. स्टँडवर टेकवा, श्वास घ्या, परत सुरू करा. ६० शॉटना कागदी टार्गेटवर ९० मिनिटं आणि इलेक्ट्रॉनिकवर ७५ मिनिटं असतात, वेळ भरपूर आहे.

आणि सुटल्यावर लगेच डोकं उचलू नका. छर्रा साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने जातो, म्हणजे टार्गेटपर्यंत जायला जेमतेम ०.०६ सेकंद. तुम्ही म्हणाल मग डोकं उचलल्याने काय बिघडतं, तर बिघडतं असं की उचलायचा विचार आधीच मानेत उतरलेला असतो, छर्रा बॅरलमध्ये असतानाच. शॉटनंतर दोन सेकंद गाल तिथेच, डोळा रिंगमध्येच.

दुसरा डोळा मिटू नका, पापणी आवळली की नेमाच्या डोळ्यालाही ताण येतो. त्या डोळ्यापुढे धुरकट पट्टी लावा. पुढची रिंगही फार बारीक निवडू नका, काळ्याभोवती पांढरा मोकळा भाग दिसला पाहिजे, तो दिसला नाही की मन घाबरं होतं आणि बोट अडतं.

ग्रुप वाचायला शिका. उभा लांबट ग्रुप असेल तर बहुतेक वेळा श्वास एकसारख्या जागी थांबत नाही किंवा गाल कधी घट्ट कधी सैल. आडवा पसरला तर पाय बघा, नाहीतर ट्रिगर. दोन वेगळे छोटे ग्रुप पडत असतील तर डोकं दोन जागी बसतंय, नाहीतर काहीतरी ढिलं आहे. माझ्यावरच हे बेतलंय, एका जिल्हा स्पर्धेत चाळीस शॉट मी स्वतःला दोष देत राहिलो आणि नंतर कळलं की मागच्या साइटचा स्क्रू ढिला होता, सकाळी निघताना दोन मिनिटं किल्ली फिरवली असती तर ते कळलं असतं. शॉट हळूहळू खाली खाली जात असतील तर आधी रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं गेज बघा, दाब उतरला असेल.

आता आपल्या किनाऱ्याचं, कारण घाटावरच्या सूचना इथे तशाच चालत नाहीत. आपल्या हवेत मीठ आहे. घामाच्या हाताने धरलेली रायफल तशीच पेटीत ठेवली तर आठवड्यात गंजाचे ठिपके येतात. कोरड्या फडक्याने पुसा, मग बाहेरच्या लोखंडाला गन ऑइलचं फडकं. खोबरेल तेल लावू नका, कृपा करून, आजोबांच्या काळापासून सगळ्याला खोबरेल लावायची आपली सवय आहे पण ते थंडीच्या सकाळी थिजतं आणि धूळ धरून चिकट होतं. सिलिंडरच्या जोडाला मात्र गन ऑइलसुद्धा नाही, दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेटू शकतं, तिथे फक्त कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस.

हातपंपाने सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा भरताना आपली दमट हवाच आत जाते आणि सिलिंडरमध्ये पाणी साठतं. जमत असेल तर स्कूबाच्या टाकीतून भरा, तारकर्ली-मालवणकडे डायव्हिंगवाल्यांकडे कोरडी हवा भरायची सोय असते. पंपच वापरायचा असेल तर मध्ये मध्ये थांबून पंपातलं पाणी सोडा. सिलिंडरवरची तारीख पण बघा, दहा वर्षं झाली की तो स्पर्धेत चालत नाही आणि वापरूही नये.

छर्रे शिशाचे असतात, डबा उघडा राहिला की पांढरी पूड धरतात. तसे छर्रे आणि खालची कड दबलेले छर्रे सरावातही वापरू नका. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खायचं नाही, हे लहान मुलांना तर ओरडून सांगा.

आणि कागद! जून ते सप्टेंबर टार्गेटचा कागद ओला होऊन मऊ पडतो, छर्रा गोल भोक पाडायच्या ऐवजी फाडत जातो आणि नऊ की दहा यावर भांडणं होतात. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कागद ठेवा, लागतील तेवढेच बाहेर काढा. जॅकेटला बुरशी धरते म्हणून ते रेंजवर लोंबकळत ठेवू नका, घरी पंख्याखाली पसरून वाळवा, उन्हात नाही.

लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर दिवे मंद झाले तर काळा गोल वेगळ्याच आकाराचा दिसायला लागतो. अशा वेळी थांबा. डोळ्यांना पाच मिनिटं द्या, मग सराव सुरू करा, स्कोअर वहीत लिहिताना बाजूला "दिवे मंद" असं लिहा.

सुरक्षेत सूट नाही. बॅरल कायम टार्गेटकडे, मारत नसाल तेव्हा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची रंगीत खूण, बॅरलमध्ये, कोणी पुढे गेलं असेल तर रायफलला हात नाही. रिकामी आहे असं समजून कोणाकडे वळवायची नाही, रिकामी असली तरी नाही.

घरी पडवीत ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव, करायचं असेल तर आधी छर्रा नाही हे स्वतः बघा, छर्र्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा, भिंतीच्या पलीकडे कोणी नाही अशी भिंत निवडा आणि तिच्यावर काळा ठिपका चिकटवा. रायफलला ड्राय फायरची सोय असेल तरच करा, स्प्रिंगवाली रायफल छर्र्याशिवाय उडवली तर आतलं सील आणि स्प्रिंग जातात. रोज वीस मिनिटं पुरतात. ट्रिगर दाबल्यावर ठिपका रिंगमध्ये हलला का, आणि हलला तर कुठे, हे प्रत्येक वेळी तोंडाने बोला.