नाशिकमध्ये टीव्हीसाठी शोधपत्रकारिता करायचीय? मग आधी कागद, कॅमेरा नंतर

जर्नालिझम झालं, आता चॅनलला लागायचंय आणि घोटाळेच काढायचेत म्हणणारी पोरं नेहमी भेटतात. त्यांना आधीच सांगतो, जिल्ह्याच्या ठिकाणी फक्त इन्व्हेस्टिगेशनची पोस्ट बहुतेक नसतेच. सकाळी लासलगावचा कांदा, दुपारी द्वारका चौकातला अपघात, संध्याकाळी रामकुंडावर कुणा नेत्याची आरती, हे सगळं उरकून जो वेळ उरेल त्यातच शोध घ्यायचा. सुरुवात बहुतेकांची स्ट्रिंगर म्हणूनच होते, म्हणजे बूम (लोगोवाला माइक) चॅनलचा, पेट्रोल आपलं आणि पैसे बातमी लागली तर. त्यामुळे शूट आणि एडिट स्वतःला आलंच पाहिजे, आणि पहिलं वर्षभर घर चालेल असं दुसरं काहीतरी हाताशी ठेवा, नाहीतर "जाहिरात देतो, बातमी थांबवा" म्हणणाऱ्याला नाही म्हणणं फार जड जातं.

बीट, म्हणजे बातमीचं ठरलेलं क्षेत्र, एकच पकडा. मी म्हणेन महापालिका, कारण रस्ते, गटार, पाणी सगळं तिथेच येतं. राजीव गांधी भवनात साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळण्यापेक्षा स्थायी समिती आणि महासभेची विषयपत्रिका नीट वाचा, आयत्या वेळचे विषय तर आधी बघा. टेंडर महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर दिसतात, जमिनीचा सातबारा आणि फेरफारही ऑनलाइन मिळतो, हे बघायला कुणाची ओळख लागत नाही.

मग माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच आणि आपल्याकडच्या नियमानुसार शब्द साधारण 150 च्या आत. "रस्त्यांच्या कामाची संपूर्ण माहिती द्या" असं लिहिलं की गेलात, "माहिती व्यापक स्वरूपाची आहे" असं उत्तर ठरलेलं. त्याऐवजी कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, आणि अंतिम बिल. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तिथेही नाही जमलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, त्याचं खंडपीठ नाशिकलाच आहे पण तारीख लागायला वेळ लागतो हे धरून चाला. एखादी फाइल समोर बसून बघायची असेल तर अवलोकन मागा, पहिला तास फुकट असतो, आणि खरी गंमत टिपणीच्या पानांवर असते, कुणी काय शेरा मारला, कुणी फिरवला.

एमबी हातात आली की टेप घेऊन जागेवर जा. पुस्तिकेत रुंदी 6 मीटर लिहिलीय आणि जागेवर 5 भरतेय, तर टेपचा आकडा आणि मागे दुकानाची पाटी एकाच फ्रेममध्ये, कट न करता घ्या. पाटी नसेल तर "हा रस्ता तो नव्हेच" म्हणायला समोरचा मोकळा. टीव्हीचं दुखणंच हे, कागद कितीही भारी असला तरी व्हिज्युअल नाही तर डेस्क पॅकेज (तयार व्हिडिओ बातमी) घेत नाही. गोदावरीच्या प्रदूषणाचंही तेच, तपोवनात दुपारी जाऊन उपयोग काय, भल्या पहाटे जा, आणि फेस नुसता दाखवू नका, तो कुठल्या नाल्यातून येतोय तिथपर्यंत कॅमेरा चालत न्या.

ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी पाठवायची नाही. प्रश्न लेखी पाठवा, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर, वेळ द्या, आणि बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर प्रतिक्रिया, द्यायला नकार दिला तर तेही बातमीत सांगा. मानहानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे, नोटीस आली की कामाला येतात ते हेच मेसेज आणि न कापलेलं फुटेज, म्हणून कार्ड फॉरमॅट करायची घाई नको. सोर्सचं नाव मात्र ऑफिसच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका, स्क्रीनशॉट कुठवर जातो सांगता येत नाही. पत्रकारावर हल्ला झाला तर 2017 चा राज्याचा कायदा आहे, तक्रार देताना त्याचं नाव घ्या, ठाण्यात बऱ्याचदा ते कलम आपणहून लावत नाहीत.

सध्या 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, म्हणजे शिकायला याहून बरा काळ नाही. प्रत्येक कामाचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, कार्यारंभ आदेशातून मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. पहिल्या पावसानंतर त्याच जागी, त्याच अँगलने पुन्हा शूट करा आणि दुरुस्तीचं बिल कुणाच्या नावावर निघतंय तेवढं मागा.