ठरावात आपलेच माणूस असेल तेव्हा ग्रामपंचायत सदस्याने काय करावे

दीड-दोन हजार वस्तीच्या गावात पेव्हर ब्लॉकचे काम घेणारा कोणाचा तरी मेहुणा निघतो आणि टँकरवाला कोणाचा तरी चुलतभाऊ. यात गैर काही नाही. गैर घडते ते नाते माहीत असूनही सदस्य सभेत बसून राहतो तेव्हा. म्हणून विषयपत्रिका हाती पडताच प्रत्येक विषयापुढे दोन प्रश्न विचारावेत. यातला पैसा माझ्या घरात येणार आहे का? तसे नसेल, तर या निर्णयाने माझ्या जवळच्या माणसाचे भले किंवा बुरे होणार आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर सभेत जाहीर करून सुटका होत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४(१)(ग) नुसार पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात किंवा तिच्याकडील नोकरीत सदस्याचा स्वतःचा अथवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असल्यास तो अपात्र ठरतो, आणि त्याचा निर्णय कलम १६ खाली जिल्हाधिकारी देतात. ‘सगळ्यांना सांगूनच काम घेतले होते’ हा बचाव तेथे उपयोगी पडत नाही. काम तरी सोडावे, नाहीतर पद. ट्रॅक्टर भावाच्या नावावर आणि त्याचा हप्ता मात्र आपल्या खात्यातून, ही नेहमीची सोय तर सर्वांत धोक्याची, कारण बँकेचा उतारा काही लपवत नाही.

मग नातेवाइकाचे काम म्हणजे आपले काम का? केवळ नात्यामुळे नव्हे. गुलाम यासीन खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच सांगितले की नाते असणे पुरेसे नाही, आर्थिक हितसंबंध दिसला पाहिजे. पण पती-पत्नीच्या बाबतीत जपून राहावे. गोव्यातील एका पंचायत सदस्येच्या पतीकडे पंचायतीचे काम होते. तेथील कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असल्याने त्या कामात तिचाही हिस्सा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले. महाराष्ट्रात मालमत्तेचा तो कायदा नाही, तरी एकाच चुलीवरच्या दोघांचा पैसा वेगळा असल्याचे सिद्ध करत बसण्यापेक्षा ते काम न घेतलेले बरे.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पुतण्याचा ना हरकत दाखल्याचा अर्ज किंवा वहिनीच्या बचत गटाला गाळा देण्याचा विषय अशा वेळी, रीतसर बाजूला होणे हा उपाय आहे. सभेपूर्वी सरपंचांना दोन ओळींचे पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. विषय पुकारला की नाते सांगून उठावे आणि दालनाबाहेर जावे. खुर्ची मागे सरकवून तिथेच बसणे म्हणजे बाहेर जाणे नव्हे. त्या ठरावाला सूचक किंवा अनुमोदक म्हणून आपले नाव लागू देऊ नये. सरपंचांचाच संबंध असेल तर त्या विषयापुरते अध्यक्षस्थान उपसरपंचांकडे द्यावे. इतिवृत्तात नोंद अशी असावी: ‘विषय क्र. ४ मधील अर्जदार हे सदस्य श्री. (नाव) यांचे सख्खे पुतणे असल्याचे त्या सदस्यांनी सांगितले व चर्चेपूर्वी त्यांनी सभागृह सोडले. ठराव झाल्यानंतर ते परत आले.’

फक्त मतदानापुरते बाहेर जाणे का पुरत नाही, हे क्रैपाक खटल्यावरून कळते. जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक भारतीय वन सेवेसाठीच्या निवड मंडळावर सदस्य होते आणि त्याच निवडीचे उमेदवारही. स्वतःचे नाव चर्चेला आले तेव्हा ते उठून गेले, मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवरील चर्चेत बसले आणि यादी तयार करण्यातही होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ती निवडच रद्द केली. पंचायतीतही तेच धोरण ठेवावे: गाळ्यासाठी पाच अर्ज असतील आणि त्यातला एक वहिनीचा, तर पाचही अर्जांच्या चर्चेतून बाहेर राहावे.

ग्रामसेवकाची (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) वाट थोडी निराळी आहे. तो जिल्हा परिषदेचा कर्मचारी असल्याने त्याला १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू होतात. ज्या पुरवठादाराशी घरचे नाते आहे, त्याच्या देयकावर सही करण्याआधीच त्याने गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि आदेशही लेखीच मागावा. फोनवर मिळालेली ‘करून टाका’ ही परवानगी चौकशीत कोणालाच आठवत नाही.

नाते सांगायचे राहून गेले आणि ठराव होऊन गेला, तर जुन्या इतिवृत्तात मोकळ्या जागेत ओळ घुसडण्याचा मोह टाळावा. माहितीच्या अधिकारात कोणी आधीच प्रत नेली असेल, तर ती एक ओळ मूळ चुकीहून महाग पडते. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय येतो, तेव्हाच उभे राहून राहिलेली गोष्ट सांगावी, ती त्या दिवसाच्या इतिवृत्तात त्याच दिवसाच्या तारखेने लिहून घ्यावी, आणि मूळ ठराव आपल्याशिवाय पुन्हा विचारात घ्यावा, अशी लेखी विनंती करावी.