ऊसतोडीच्या दिवसांत कोंबड्या सांभाळा

ऊसतोड सुरू झाली की फडात दडलेले कोल्हे, रानमांजरं, मुंगसं उघड्यावर पडतात. आडोसा जातो, उंदीर पांगतात आणि त्यांचा मोर्चा वस्तीवरच्या कोंबड्यांकडे वळतो. शेजारच्या रानात ऊसतोड मजुरांची टोळी उतरायच्या आधी खुराड्याची डागडुजी उरकून घ्या.

कोंबडी गेली की आधी खुणा बघा. पिसं विखुरलेली आणि कोंबडी गायब, तर कोल्हा, रानमांजर किंवा कुत्रं. मान-डोकं चावून मारलेल्या कोंबड्या तिथंच पडल्या असतील तर मुंगसाचा संशय घ्या. अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील तर साप किंवा घोरपड. पिल्लांचे पाय कुरतडलेले दिसले तर कोपऱ्यात घुशीचं बीळ शोधा. खापर नेहमी कोल्ह्यावर फुटतं. खरा चोर पुष्कळदा गल्लीतलंच मोकाट कुत्रं असतं.

खरा खर्च करायचा तो जाळीवर. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रं ती दातांनी फाडतं आणि तिच्या मोठ्या भोकांतून साप सहज आत येतो. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यावर वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी, महाग पडते, तरी निदान खालच्या तीन फुटांना आणि खिडक्यांना तीच लावा. तळाशी जाळी बाहेरच्या बाजूला वळवून फूट-दीड फूट मातीखाली दाबा, म्हणजे उकरणारं जनावर जाळीवरच अडतं. खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच असेल तर उत्तमच. रात्री बसायला कोंबडीमागे एक चौरस फूट जागा पुरते. थंडी म्हणून सगळ्या फटी गोणपाटानं बुजवू नका, आत विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू कोंडतो. वारं ज्या बाजूनं येतं तेवढीच बाजू झाका.

कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, ती जागेवरून हलतही नाही. म्हणून दिवस मावळताच मोजून आत घ्या आणि कडी घालून तिच्यात तार अडकवा. नुसता दगड टेकवलेलं दार कुत्रं सहज ढकलतं. सांडलेलं खाद्य आणि अंडी संध्याकाळीच उचला, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरांमागं साप.

पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत दिवसा डालग्याखाली किंवा वरून जाळी असलेल्या कुंपणात ठेवा. घार, शिक्रा आणि कावळा यांना उघडं अंगण फावतं.

कुंपणात वीज सोडणं, विषारी आमिष टाकणं, फासे लावणं हे अजिबात नको. आपलंच पोर किंवा गुरंढोर त्यात सापडतं. शिवाय कोल्हा, मुंगूस, रानमांजर, घोरपड हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. जनावर खुराड्यात अडकलंच तर दार लावून लांब व्हा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.